अंश मोजला, जीवाणू सुटला

'कोंबड्यांना औषधे टोचतात, ती कोंबडी खाऊन आपल्या शरीराला औषधाची सवय होते, आणि मग आजारपणात औषध लागू पडत नाही.' हे वाक्य शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येते आणि मटणाच्या दुकानासमोरही. वाक्यातला धोका खरा आहे, कारणमीमांसा मात्र चुकीची आहे. सवय शरीराला होत नाही. प्रतिरोध येतो तो जीवाणूंमध्ये. हा फरक परीक्षेतल्या एका गुणापुरता असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. पण मांसातील प्रतिजैविकांविषयी आपल्या देशात जे नियम आहेत, त्यांचा रोखही बराचसा याच वाक्यासारखा आहे. ते खाणाऱ्याच्या ताटातले औषध मोजतात. ज्याच्यात प्रतिरोध वाढतो तो जीवाणू त्यांच्या तपासणीतून निसटतो. म्हणून या नियमांची थोडी समीक्षा येथे करत आहोत.

आधी नियम कोणते ते पाहू. २०१२ मध्ये औषधविषयक नियमांत दुरुस्ती होऊन खाद्य देणाऱ्या जनावरांच्या औषधांच्या वेष्टनावर 'विराम काळ' छापणे आवश्यक झाले. विराम काळ म्हणजे औषधाची शेवटची मात्रा आणि कत्तल, दूध किंवा अंडे यांमधले किमान अंतर. २०१८ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने मांस, दूध, अंडी इत्यादींत प्रतिजैविकांचा किती अंश चालेल याच्या मर्यादा विस्ताराने ठरवल्या. त्या १ जानेवारी २०१९ पासून लागू झाल्या आणि पुढे २०२४ मध्ये त्या अधिक कडक करण्यात आल्या. जुलै २०१९ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने खाद्य देणाऱ्या जनावरांसाठी, कोंबड्यांसाठी, मत्स्यशेतीसाठी आणि पशुखाद्यात घालण्यासाठी कोलिस्टिन या औषधाचे उत्पादन व विक्री बंद केली. कागदावर ही प्रगती लहान नाही.

द्राक्षाची फूटपट्टी

'अंश' ही कल्पना नाशिक जिल्ह्याला नवी नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडकली आणि निर्यातदारांना मोठा फटका बसला. तेव्हापासून 'रेसिड्यू' हा शब्द निफाड-दिंडोरीच्या बागाइतदारांच्या रोजच्या बोलण्यात आहे. शेवटची फवारणी केव्हा, तोडणी केव्हा, नमुना केव्हा, हे हिशेब तिथल्या मुलांनाही ठाऊक असतात.

मांसासाठीचा नियम याच धर्तीवर बेतलेला आहे. फवारणीच्या जागी औषध आणि तोडणीच्या जागी कत्तल, एवढाच बदल. द्राक्षाच्या बाबतीत ही फूटपट्टी योग्य आहे, कारण मण्यावरचे रसायन दिवसागणिक घटते. त्याला पिल्ले होत नाहीत. पुरेसे दिवस थांबले की धोका संपतो. जनावराच्या आतड्यात मात्र दोन गोष्टी एकदम चालू असतात. औषध घटत असते, आणि औषधाला दाद न देणारे जीवाणू वाढत असतात. औषध शरीराबाहेर गेले तरी हे जीवाणू तिथेच राहतात. म्हणजे विराम काळ काटेकोर पाळलेले, सर्व मर्यादांत बसणारे मांससुद्धा प्रतिरोधी जीवाणू घेऊन दुकानात येऊ शकते. अंश शून्य आला म्हणजे जीवाणूही शून्य, असे अनुमान काढता येत नाही. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

नियमाच्या बाजूने

तरीही अंशाची मर्यादा निरर्थक आहे असे कोणी समजू नये. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या माणसाला अन्नातला त्याचा अंशही त्रासदायक ठरू शकतो. क्लोरॅम्फेनिकॉलमुळे क्वचित अस्थिमज्जेचे काम बंद पडते आणि त्याला किती मात्रा सुरक्षित हे सांगता येत नाही, म्हणून अन्नात त्याला पूर्ण मनाई आहे. दुधाचे उदाहरण तर घरातले आहे. गाईच्या कासेला सूज आली म्हणून प्रतिजैविक दिले आणि तिचे दूध लगेच वापरले, तर विरजणातले जीवाणू मरतात आणि दही लागत नाही. चक्का करणाऱ्यांना हे चांगले कळते. या सर्व ठिकाणी अपाय औषधापासूनच होतो. तेव्हा औषध मोजणे बरोबरच आहे. प्रतिरोधाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यातून मिळत नाही.

एकाचे दहा लाख

प्रतिरोध कसा वाढतो ते आकड्यांत पाहू. समजा एका आतड्यात दहा लाख ई. कोलाय आहेत आणि त्यांतल्या एकामध्ये योगायोगाने एखाद्या औषधाला तोंड देण्याचा गुण आहे. औषध दिले, बाकीचे मेले, तो एक उरला. प्रयोगशाळेतल्या उत्तम परिस्थितीत ई. कोलाय साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. वीस वेळा दुप्पट झाला की एकाचे १०,४८,५७६ होतात, तेही सात तासांच्या आत. आतड्यात हा वेग बराच कमी असतो, पण दिशा तीच. यात कोणी औषध 'शिकले' नाही आणि कोणाला 'सवय'ही लागली नाही. निवड झाली. डार्विनचा सिद्धान्त वर्गात जिराफाच्या मानेवर शिकवण्यापेक्षा या आतड्यावर शिकवावा असे आम्हाला वाटते.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे हा गुण पुष्कळदा प्लाझ्मिडवर असतो. प्लाझ्मिड म्हणजे मुख्य गुणसूत्रापासून वेगळे असलेले डीएनएचे लहानसे वर्तुळ. एक जीवाणू दुसऱ्याला, कधी तर दुसऱ्या जातीच्या जीवाणूलाही, त्याची प्रत देऊ शकतो. एकाच प्लाझ्मिडवर चार-पाच औषधांविरुद्धची जनुके शेजारी शेजारी बसलेली असू शकतात. अशा वेळी त्यांतले कोणतेही एक औषध वापरले तरी सगळा संच टिकून राहतो.

कोलिस्टिनची कथा येथे लक्षात घेण्यासारखी आहे. १९५० च्या सुमारास जपानमध्ये सापडलेले हे औषध मूत्रपिंडाला त्रास देते म्हणून माणसांसाठी मागे पडले होते. जनावरांत मात्र ते चालू राहिले. पुढे नवी औषधे एकामागून एक निकामी होऊ लागली, तसे डॉक्टरांना अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून पुन्हा कोलिस्टिनकडे वळावे लागले. हे औषध काही जीवाणूंच्या बाह्य आवरणावरील ऋण विद्युतभाराला चिकटून ते आवरण फोडते.

नोव्हेंबर २०१५ मध्ये चिनी संशोधकांनी एमसीआर-१ नावाचे जनुक जाहीर केले. ते आवरणावरचा ऋण भार कमी करते, त्यामुळे औषधाला पकड मिळत नाही. जनुक प्लाझ्मिडवर होते, आणि ते प्रथम सापडले डुकरातल्या ई. कोलायमध्ये. २०११ ते २०१४ या काळातल्या नमुन्यांत ते कत्तलीच्या ८०४ डुकरांपैकी १६६ मध्ये, डुकराच्या व कोंबडीच्या कच्च्या मांसाच्या ५२३ नमुन्यांपैकी ७८ मध्ये आणि रुग्णालयातल्या १,३२२ रुग्णांपैकी १६ जणांत आढळले. डुकरात सर्वांत जास्त, मांसात त्याहून कमी, माणसात अगदी थोडे. ही उतरंड पाहून मूळ स्रोत जनावरांत असावा असा संशोधकांनी कयास बांधला. हेच जनुक पुढे अनेक देशांत सापडले.

डुकराचे आपल्याला काय?

नाशिककर येथे विचारील, आपल्याकडे डुकराचे मांस खातात किती जण? प्रश्न रास्त आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ९० लाख डुकरे होती आणि त्यांतली सर्वांत जास्त आसामात. महाराष्ट्रात डुक्करपालन थोडे आहे. डुकराकडे पाहायचे ते अशासाठी, की हजारो जनावरे एका छपराखाली ठेवून पाण्यातून किंवा खाद्यातून सगळ्यांना एकदम औषध देण्याच्या पद्धतीचा सर्वांत बारकाईने अभ्यास परदेशात डुकरांवर झाला. आपल्याकडे त्याच पद्धतीने वाढते ती ब्रॉयलर कोंबडी. २०१० सालच्या जगभरच्या अंदाजानुसार एक किलो जनावरामागे वर्षाला डुकराला १७२ मिलिग्रॅम, कोंबडीला १४८ मिलिग्रॅम आणि गाईगुरांना ४५ मिलिग्रॅम प्रतिजैविके दिली जात होती. डुक्कर आणि कोंबडी या हिशेबात शेजारी आहेत.

आपल्याकडचे पुरावेही आहेत. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातील कोंबडीचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचा अंश सापडला. २०१७ मध्ये याच संस्थेने उत्तरेकडील चार राज्यांतील १२ कुक्कुटपालन केंद्रांमधील लिटर आणि आसपासची माती तपासली. त्यात मिळालेले सर्व ई. कोलाय बहुऔषधरोधी होते. पहिल्या तपासणीची बातमी घराघरात पोचली आणि चर्चा झाली ती अंशाची. आमच्या मते दुसरी तपासणी अधिक महत्त्वाची होती, आणि तिचीच चर्चा व्हायला हवी होती.

'शिजवले की मेले'

आमच्या आक्षेपावर एक बिनतोड वाटणारे उत्तर आहे. जीवाणू उष्णतेने मरतात. नाशिकच्या काळ्या रश्श्यात रटारटा शिजलेल्या कोंबडीत साल्मोनेला जिवंत राहत नाही. याउलट काही औषधांचा अंश शिजवूनही पुरता नाहीसा होत नाही. मग नियमाने अंश पाहावा आणि जीवाणू चुलीवर सोपवावा, यात चूक काय?

चूक एवढीच, की जीवाणू केवळ रश्श्यातून घरात येत नाही. कच्चे मांस ज्या विळीवर, सुरीवर, लाकडी ठोकळ्यावर कापले, त्यावरच लगेच कोशिंबीर चिरली की चुलीचा उपयोग संपला. १९९८ मध्ये डेन्मार्कमध्ये साल्मोनेलाच्या बहुऔषधरोधी जातीची साथ आली. २५ रुग्णांची प्रयोगशाळेत खात्री झाली, ११ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि दोघे दगावले. मागोवा घेत संशोधक डुकरांच्या एका कळपापर्यंत पोचले. डेन्मार्क हा मांस शिजवून खाणारा आणि स्वच्छतेत काटेकोर देश आहे, हे ध्यानात घ्यावे.

दुसरी वाट शेतातून जाते. ब्रॉयलरचा लॉट उचलला की शेडमधले तूस आणि विष्ठा यांचे कोंबडखत होते. ते द्राक्षबागेत, टोमॅटोच्या आणि भाजीपाल्याच्या शेतात पडते. नीट न कुजलेल्या खतातून जीवाणू मातीत आणि पाण्यात जातात. शेडमध्ये काम करणाऱ्याच्या हातांवर, दुकानातल्या कामगाराच्या हातांवर ते असतातच. 'आम्ही माळकरी, आम्हाला काय त्याचे?' असे म्हणणाऱ्या घरातली कोथिंबीर आणि मुळा याच मातीतून येतो. मांसाचा अंश मोजणारा नियम या वाटेवर कुठेच उभा नाही.

अठ्ठावीस दिवसांचे गणित

विराम काळाच्या नियमात आणखी एक अडचण आहे. ज्या औषधाचा विशिष्ट विराम काळ अभ्यासाने ठरलेला नसेल, त्यासाठी नियमाने किमान मुदत घातली आहे. अंडी व दूध यांसाठी सात दिवस, मांसासाठी २८ दिवस. आता ब्रॉयलर साधारण ३५ ते ४२ दिवसांत विकला जातो. ४२ मधून २८ वजा केले की उरतात १४. म्हणजे असे औषध फार तर पहिल्या दोन आठवड्यांतच देता येईल. ३५ व्या दिवशी विक्री असेल तर पहिल्या आठवड्यातच. श्वसनाचे विकार आणि कोलायचा संसर्ग तर पुष्कळदा त्यानंतर दिसतात. पाच-सहा महिने वाढणाऱ्या डुकराला जी मुदत सहज पाळता येते, ती ब्रॉयलरच्या एकूण आयुष्याएवढी होत आली. असा नियम पाळला जातो की नाही हे शेडमध्ये कोणी पाहत नसेल, तर तो वेष्टनावरच्या बारीक अक्षरांतच राहतो.

येथे शेतकऱ्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. करार पद्धतीत पिल्लू, खाद्य आणि औषध कंपनीचे. शेड, वीज आणि राबणारे हात शेतकऱ्याचे. किलोमागे ठरलेले पैसे, तेही मर किती झाली आणि खाद्य किती लागले यावर. उन्हाळ्यात मर वाढली की तोटा त्याच्या अंगावर येतो. औषधाची बाटली त्याच्या शेडमध्ये असते, पण तिच्याविषयीचा निर्णय बहुधा त्याचा नसतो. आमचा आक्षेप आहे तो बाटलीची नोंद कोणीच मागत नाही, याला.

नोंदवही

जिथे जीवाणू कमी झाले तिथे काय केले, हे पाहणे उपयोगी पडेल. डेन्मार्कने १९९५ मध्ये जनावरे, मांस आणि माणसे या तिन्हींतल्या जीवाणूंचा प्रतिरोध एकत्र मोजणारी डॅनमॅप ही यंत्रणा उभी केली. औषधविक्रीतून पशुवैद्यांना मिळणारा नफा आटोक्यात आणला. वाढ लवकर व्हावी म्हणून दिली जाणारी प्रतिजैविके डुकरांत १९९८ ते २००० या काळात थांबवली. पुढे प्रत्येक फार्मवर किती औषध गेले याची राष्ट्रीय नोंद सुरू झाली, आणि २०१० पासून मर्यादेबाहेर जाणाऱ्या फार्मला 'पिवळे कार्ड' मिळू लागले. हे सगळे विनासायास झाले नाही. दूध तुटलेल्या पिल्लांत हगवण वाढली आणि उपचारासाठी दिली जाणारी औषधे काही काळ वाढली. गोठ्यांची रचना, दूध तोडण्याचे वय आणि खाद्य सुधारावे लागले.

चीनने एप्रिल २०१७ अखेर वाढीसाठी खाद्यात कोलिस्टिन घालणे बंद केले. डुकरांच्या विष्ठेतल्या ई. कोलायमध्ये कोलिस्टिनरोधी असण्याचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४ टक्के होते, ते २०१७-१८ मध्ये सुमारे ५ टक्क्यांवर आले. औषधाचा दाब उठला की प्रतिरोधी जीवाणूंचे वर्चस्व कमी होऊ शकते, याची ही आशादायक खूण. आपली २०१९ ची कोलिस्टिनबंदी योग्यच होती, असे यावरून ठामपणे म्हणता येते. पण चीनला हा आकडा सांगता आला, कारण तिथे बंदीच्या आधी आणि नंतर जीवाणू मोजले गेले. भारतात जनावरे आणि मासे यांतील प्रतिरोधावर लक्ष ठेवणारे 'इन्फार' हे जाळे भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या सहभागाने सुरू झाले आहे. त्याला शेडमधल्या औषधाच्या नोंदीची जोड मिळाल्याशिवाय कारण आणि परिणाम यांची सांगड घालता येणार नाही.

नाशिकला यासाठी डेन्मार्कपर्यंत जायचे कारण नाही. निर्यातीच्या द्राक्षबागेची नोंदणी होते आणि कोणते औषध कोणत्या तारखेला मारले हे बागाइतदार वहीत लिहितो. द्राक्षाकडून घ्यायचे ते हे. आपण मांसासाठी त्यातली अंशाची मर्यादा तेवढी उचलली आणि वही मागे ठेवली. प्रत्येक शेडला एक क्रमांक, प्रत्येक लॉटला औषधाचे एक पान, पशुवैद्याची सही, आणि कत्तलीच्या वेळी आतड्यातल्या जीवाणूंची नमुना तपासणी. नियमात ही भर पडली तर तो प्रतिरोधाविषयी काही बोलू लागेल.

वर्गासाठी

हा विषय आठवी ते बारावीपर्यंत कोठेही घेता येईल. वाटीभर मटकीत पाच-सहा वाटाणे मिसळा. मटकी म्हणजे औषधाने मरणारे जीवाणू, वाटाणे म्हणजे प्रतिरोधी. प्रत्येक 'मात्रे'ला चाळणीने मटकी खाली पाडा आणि चाळणीत उरलेल्या प्रत्येक दाण्यामागे त्याच जातीचा एक दाणा वाढवा. चार-पाच फेऱ्यांत वाटीचे रूप काय होते ते विद्यार्थ्यांनी मोजून आलेखात मांडावे. मग विचारावे, चाळणी काढून घेतली तर वाटाणे आपोआप नाहीसे होतील का? अंश आणि जीवाणू यांतला फरक या प्रश्नातून उलगडतो. दुसरा उपक्रम जनावरांच्या औषधाच्या रिकाम्या वेष्टनावरील विराम काळ वाचण्याचा. खेड्यातल्या शाळेत अशी वेष्टने सहज मिळतील. ती धुऊन घ्यावीत. कच्च्या मांसातले जीवाणू शाळेत वाढवण्याचा प्रयोग मात्र कोणीही करू नये. त्यासाठी लागणारी सुरक्षितता शाळेच्या प्रयोगशाळेत नसते.

आणि एक शब्द कटाक्षाने टाळावा: 'सवय'. सवय म्हटले की मूल आपल्या शरीराचा विचार करते आणि मला काही होत नाही म्हणून निश्चिंत होते. २०१९ मध्ये जगभर सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट जीवाणूंच्या प्रतिरोधामुळे झाले असा अंदाज आहे. त्यांतले कितीतरी रुग्ण असे असतील, ज्यांनी स्वतः औषधाचा कधीच गैरवापर केला नव्हता. शेडमधल्या बाटलीची किंमत शेडबाहेरचा कोणीतरी मोजतो, एवढे वर्गातून समजून जो विद्यार्थी बाहेर पडेल, तो पुढे पशुवैद्य होवो, बागाइतदार होवो की अन्न निरीक्षक, वही मागितल्यावाचून राहणार नाही.